गमी स्माइल : कोणता उपाय, किती खर्च, किती दिवस

हसल्यावर वरच्या दातांच्याही वर हिरडीची जाड पट्टी दिसते, फोटोत नेमकी तीच डोळ्यांत भरते, आणि तुम्ही उपाय शोधायला निघता. दातांच्या दवाखान्यात गेलात तर लेझर सुचवतात, त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात तर बोटॉक्स, तारांच्या डॉक्टरांकडे गेलात तर तारा. तिन्ही उपाय खरे आहेत. पण तुमच्या हिरड्या ज्या कारणामुळे दिसतात त्याला त्यातला एखादाच लागू पडतो, फार तर दोन. खर्चातलं अंतर मात्र हजार-दोन हजारांपासून चार लाखांपर्यंत जातं. म्हणून आधी कारण, मग कोटेशन. हा क्रम उलटला की पैसे पाण्यात.

मुळात काही करायची गरज आहे का, हे आधी पाहा. मोकळेपणी हसताना एक-दोन मिलिमीटर हिरडी दिसणं अगदी नेहमीचं आहे, आणि बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. साधारण तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेलं की डॉक्टर त्याला गमी स्माइल म्हणतात. वय वाढतं तसा वरचा ओठ सैल होऊन खाली येतो, त्यामुळे पंचविशीत दिसणारी पट्टी पन्नाशीत बरीच झाकली जाते. दात आणि हिरड्या निरोगी असतील तर हा आजार नाही. काहीही न करणं हाही एक उपाय आहे आणि त्याला खर्च शून्य. शाळकरी मुलांचे दात अजून हिरडीतून पूर्ण बाहेर आलेले नसतात, म्हणून त्यांच्या हिरड्या जास्त दिसतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हिरड्या केवळ दिसण्यासाठी कापायचं कुणी सुचवलं तर फाइल उचला आणि घरी या. अशा कामाला साधारण अठरापर्यंत थांबतात.

आधी घरीच मोजा

कंपासपेटीतली पट्टी इथे चालत नाही, कारण तिचा शून्य टोकापासून थोडा आत असतो आणि आपला सगळा हिशेब दोन-तीन मिलिमीटरचा आहे. आलेख कागदाची, म्हणजे मिलिमीटरच्या चौकटी असलेल्या कागदाची, बोटभर पट्टी कापा. हात धुऊन आरशासमोर उभे राहा आणि वरच्या मधल्या दोन दातांपैकी एकाला ती टेकवा. हिरडीच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंत किती भरतं? मोठ्या माणसाच्या या दाताची उंची सहसा १० ते ११ मिलिमीटर असते. तुमची ७-८ भरली आणि दात चौकोनी, आखूड दिसत असेल, तर हिरडी दातावर चढलेली असण्याची शक्यता मोठी. (दाताची खालची कड झिजून सपाट झाली असेल तर रात्री दात खाण्याची सवय असू शकते, तो विषय वेगळा.)

दाताची उंची बरोबर आहे, पण हसताना ओठ झपकन वर जातो? मग कारण ओठाच्या स्नायूंत आहे. तोंड सैल सोडून ओठ किंचित विलग ठेवल्यावरही वरचे दात चार-पाच मिलिमीटरहून अधिक दिसतात, चेहरा लांबट आहे, ओठ मिटायला जोर लावावा लागतो? मग जबड्याचं हाड उभं जास्त वाढलेलं असू शकतं. वरचे पुढचे दात खालच्यांना जवळजवळ झाकून टाकत असतील तर दातच खाली उतरलेले असू शकतात.

हिरड्या गेल्या वर्ष-दोन वर्षांतच सुजून जाड झाल्या असतील तर रोजच्या गोळ्यांची पाकिटं बघा. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिन, फिट्सवरची फेनिटॉइन, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून बदलता येते का बघा, आणि दातांची सफाई करून घ्या. सफाईचे ८०० ते २,००० रुपये. तारा लावलेल्या मुलांच्या आणि तोंडाने श्वास घेणाऱ्यांच्या सुजलेल्या हिरड्यांनाही आधी हेच. त्यानंतर महिना-दीड महिना थांबून मगच पुढचा विचार.

तपासणीवर पैसे खर्च करा, इथे काटकसर नको

हिरड्यांचं काम हिरड्यांच्या तज्ज्ञाचं, म्हणजे पेरिओडॉन्टिक्समधल्या एमडीएसचं. तारांचं ऑर्थोडॉन्टिस्टचं. जबड्याचं ओरल सर्जनचं. मोठ्या शहरांत कन्सल्टेशनचे ३०० ते १,००० रुपये घेतात. एक्स-रे १०० ते ३००, चेहऱ्याच्या बाजूचा सेफॅलोग्राम ३०० ते ८००, थ्रीडी स्कॅन म्हणजे सीबीसीटी १,५०० ते ४,०००. हे सगळे आकडे खासगी बाजारातले अंदाज आहेत. मुंबई-पुण्यात वरचं टोक धरा, जिल्ह्याच्या गावी खालचं. सगळ्या तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत.

एक तपासणी मात्र आवर्जून मागा. हिरडी बधिर करून डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेतून आत घालतात आणि ती हाडाला टेकते तो आकडा वाचतात. मिनिटभराचं काम. हिरडीची कड आणि हाड यांच्यात साधारण तीन मिलिमीटर अंतर राहावं लागतं. हिरडी कापून ते दीड-दोनवर आणलं तर शरीर आपली जागा परत घेतं : हिरडी काही महिन्यांत पुन्हा खाली येते, नाहीतर कायम लाल, दुखरी राहते. हा आकडा न घेताच 'लेझरने दहा मिनिटांत होऊन जाईल' म्हणणाऱ्याकडे आगाऊ रक्कम भरू नका.

उपाय आणि त्यांचे दर

*नुसती हिरडी कापणं.* हिरडी जास्त आहे आणि हाड योग्य जागी आहे, तेव्हाच. दातामागे १,००० ते ३,००० रुपये. हसताना दिसणारे सहा ते आठ दात धरले तर ६,००० ते २४,०००. इंजेक्शनची भूल, एकाच बैठकीत काम, दुसऱ्या दिवशी ऑफिस. लेझरने रक्त कमी येतं, ब्लेडने स्वस्त पडतं. निकाल हत्यारापेक्षा मोजमापावर ठरतो. लेझरचे वेगळे पैसे सांगितले तर ब्लेडचा दरही विचारा.

*हिरडीबरोबर हाडही तासणं, म्हणजे क्राउन लेंग्थनिंग.* हाड कडेच्या फार जवळ असेल तर याला पर्याय नाही. दातामागे ३,००० ते ८,०००, एकूण २०,००० ते ६०,०००. टाके पडतात, आठवडा-दहा दिवसांनी निघतात. बऱ्याच दवाखान्यांत असतं ते डायोड लेझर, आणि त्याने हाड कापता येत नाही. त्यासाठी बर, म्हणजे ड्रिलचं हाड तासणारं टोक, किंवा वेगळ्या जातीचं लेझर लागतं. म्हणून 'आमच्याकडे सगळं लेझरनेच' हे वाक्य ऐकलं की 'हाडाचं काय?' एवढंच विचारा. उत्तरात चाचरले तर काय समजायचं ते समजा. हिरडीची नवी कड पक्की व्हायला तीन ते सहा महिने लागतात. त्याआधी कॅप किंवा व्हिनियर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ आवरण, बसवायची घाई करू नका.

*बोटॉक्स.* ओठ वर खेचणाऱ्या स्नायूंत, नाकपुडीच्या बाजूला दोन्हीकडे एकेक टोचणी. हिरड्यांसाठी औषध फार थोडं लागतं, दोन्ही बाजू मिळून बहुधा चार ते सहा युनिट. युनिटचा दर ३०० ते ४५० रुपये. म्हणजे औषधाचे बाराशे ते सत्तावीसशे रुपये. पण बिल येतं ५,००० ते १०,०००, कारण 'एरिया'चा ठोक दर किंवा किमान युनिटांची अट. म्हणून दर युनिटचा की एरियाचा, ते आधी विचारा. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात, डिस्पोर्टचा आकडा बोटॉक्सपेक्षा मोठा येतो. तेव्हा दोन दवाखान्यांचे युनिट-दर ब्रँड न विचारता ताडून पाहण्यात अर्थ नाही. बाटली समोर उघडायला सांगा आणि लेबलवरची मुदत व बॅच नंबरचा फोटो काढा.

परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, तीन ते सहा महिन्यांत उतरतो. आता गुणाकार करा : ६,००० रुपये, वर्षातून तीनदा, पाच वर्षं. नव्वद हजार झाले आणि हिरड्या होत्या तशाच. मात्र काय फरक पडेल हे एकदा बघायला किंवा एका समारंभापुरतं हे ठीक आहे. हसू एका बाजूला कललं, ओठ लांबट वाटला, तर औषध उतरेपर्यंत थांबण्याशिवाय फारसं काही करता येत नाही. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, तर नको. आणि पार्लरमध्ये तर मुळीच नको, कितीही ऑफर असली तरी.

*ओठ आतून खाली बांधणं, लिप रिपोझिशनिंग.* ओठाच्या आतल्या त्वचेची पट्टी काढून टाके घालतात, त्यामुळे ओठ पूर्वीइतका वर जात नाही. भूल इंजेक्शनची, वेळ तासाभराचा, खर्च २०,००० ते ६०,०००. पंधरवडाभर ओठ ताणल्यासारखा वाटतो. विकताना हा उपाय 'कायमचा' म्हणून विकतात, पण काही जणांची पट्टी सहा महिने-वर्षात थोडीफार परत दिसू लागते. तुमच्या डॉक्टरांनी आधी केलेल्या कामाचे, वर्ष उलटून गेल्यानंतरचे फोटो मागा. आठव्या दिवशीचे सगळेच छान दिसतात.

*तारा.* दात खाली उतरले असतील तर त्यांना वर ढकलायचं. हिरडीखालच्या हाडात बारीक टायटॅनियम स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने दात ओढतात. धातूच्या तारा ३०,००० ते ६०,०००, सिरॅमिक ४५,००० ते ८०,०००, स्क्रू प्रत्येकी ३,००० ते ६,०००, लागतात दोन ते चार. काळ दीड-दोन वर्षं. स्क्रू सैल होऊन पुन्हा बसवावा लागू शकतो. त्याचे पैसे कुणाचे, हे कोटेशनवर लिहून घ्या. शेवटी दात जागेवर ठेवणारा रिटेनरही बहुतेक वेळा पॅकेजबाहेर असतो.

*जबड्याची शस्त्रक्रिया.* वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर आडवा कापून हाडाची पट्टी काढतात, जबडा वर सरकवून टायटॅनियमच्या प्लेटा लावतात. चिरा तोंडाच्या आतून, बाहेर व्रण नाही. पूर्ण भूल, दोन ते चार दिवस रुग्णालय, महिना-दीड महिना पातळ आणि मऊ खाणं. सूज उतरायला दोन-तीन आठवडे. वरचा ओठ आणि गाल बधिर राहणं बहुतेकांना सोसावं लागतं, सहसा काही महिन्यांत बरं होतं, क्वचित थोडं कायम राहतं. खर्च दीड ते चार लाख. आधी आणि नंतरच्या तारांचे पैसे वेगळे. चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत. हाडाचं कारण पक्कं असेल तर खरा उपाय हाच, पण नुसत्या फोटोंसाठी एवढं अंगावर घ्यायचं का, हे घरच्यांशी बोलून, दुसऱ्या सर्जनचं मत घेऊन ठरवा. महिनाभर वाट पाहिल्याने जबडा कुठे पळून जात नाही.

कोटेशन कसं वाचायचं

'लेझर स्माइल डिझाइन, सहा दात, १२,०००.' अशी एका ओळीची चिठ्ठी हातात येते. यात किती गोष्टी नाहीत ते पाहा. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, आधीची सफाई नाही, औषधं नाहीत, टाके काढण्याची भेट नाही, हिरडी असमान बसली तर दुरुस्तीचे पैसे कुणाचे ते नाही, कर नाही. सगळं मिळून १२ चे १८ हजार सहज होतात. प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा, आणि 'टच-अप'ची मुदत महिन्यांत लिहून घ्या.

दोन वाढीव विक्रींपासून जपा. पहिली व्हिनियरची : हिरडी कापली की दाताच्या मुळाचा, पिवळसर भाग दिसेल, म्हणून वरून आठ व्हिनियर. एकेकाचे ८,००० ते १५,००० म्हटले तरी लाखाच्या घरात जातं, आणि त्यासाठी चांगले दात तासले जातात. हिरडी फक्त दातावर चढलेली असेल तर खाली नीट इनॅमलच निघतं, व्हिनियरची गरज पडत नाही. दुसरी विक्री 'काळ्या हिरड्या गुलाबी करण्या'ची, ५,००० ते १५,००० रुपयांना. आपल्याकडे तपकिरी, सावळी हिरडी हा नैसर्गिक रंग आहे, दोष नाही. खरवडून काढला तरी तो बहुतेकदा हळूहळू परत येतो.

'नो कॉस्ट ईएमआय'चा फॉर्म भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा : कर्ज फायनान्स कंपनीचं असतं, दवाखान्याचं नव्हे. उपचार मध्येच सोडला, डॉक्टर बदलले, दवाखाना बंद पडला, तरी हप्ते चालूच. प्रोसेसिंग फी वेगळी. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने रोख किंवा यूपीआयने, प्रत्येक टप्प्याची पावती घेऊन.

जीएसटीचं असं आहे की उपचाराला सूट आहे, पण केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला ती नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात असेल तर मात्र सूट लागू होते. तेव्हा सांगितलेली रक्कम करासह आहे का, ते विचारा. आरोग्य विम्यातून हिरड्यांचं काम, बोटॉक्स, तारा निघतील अशी आशा धरू नका. सौंदर्यासाठीचे उपचार पॉलिसीतून वगळलेले असतात आणि दातांचे उपचारही बहुधा अपघात असला तरच मिळतात. फक्त जबड्याच्या शस्त्रक्रियेत चावणं, श्वास किंवा ओठ मिटणं यांत खरोखर अडचण असेल तर सर्जनचं तसं पत्र, सेफॅलोग्राम आणि स्कॅन जोडून दाखल होण्यापूर्वीच पूर्वमंजुरी मागा. नंतर मागितलेले पैसे मिळवताना चपला झिजतात.

कमी पैशांत कुठे

सरकारी दंत महाविद्यालयं : मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला, गोव्यात बांबोळीला. खासगी दंत महाविद्यालयं पुण्यापासून लोणी, सावंगीपर्यंत आहेत आणि तिथलेही दर दवाखान्यांपेक्षा बरेच कमी असतात. काम एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. हिरड्यांच्या कामासाठी ही जागा उत्तम : मोजमाप काटेकोर, फोटो-नोंदी पूर्ण, कारण त्यांनाही ते वरिष्ठांना दाखवायचं असतं. किंमत मोजावी लागते ती वेळेत. केसपेपर सकाळीच निघतो, रविवारी ओपीडी नसते, एका कामासाठी चार-पाच फेऱ्या धरा. आधार कार्ड, असल्यास रेशन कार्ड, जुने एक्स-रे आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी जात असाल तर प्लेटा-स्क्रू बाहेरून आणावे लागतील का, हे तारीख घेतानाच विचारा. मोठा खर्च तिथेच निघतो.

लग्न असेल तर उलटी मोजणी

बोटॉक्स महिनाभर आधी. नुसती हिरडी कापायची तर निदान दोन महिने आधी. हाड तासायचं असेल तर सहा महिने. प्री-वेडिंग शूट असेल तर मोजणी त्या तारखेपासून करा, मांडवाच्या नव्हे. तारा आणि जबडा या मोसमात विसरा.

हिरडीच्या कामानंतर पहिले पाच-सात दिवस वरण-भात, मऊ खिचडी, दही. चिवडा, भाकरीचा पापुद्रा, तिखट रस्सा बंद. तंबाखू आणि मिश्री तर अजिबात नको. घरातल्या मोठ्या बायका मिश्री लावत असतील आणि 'थोडी लाव, दुखणं थांबेल' म्हणाल्या, तरी ऐकू नका. जखम भरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

कामाआधी डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक टिपून घ्या. बोर्डावर किंवा चिठ्ठीवर असतो. संमतिपत्र मराठीत मागा आणि वाचून सही करा. कामाआधीचे फोटो, एक्स-रे, मोजमापाचे आकडे, सगळ्या पावत्या स्वतःजवळ ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर डाउनलोड करून. काम बिघडलं आणि दवाखाना दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि उपचाराला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.